रेड चेरी कोळंब्या मरतात, पिल्ले दिसत नाहीत: नेमके काय चुकते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४० लिटरची टाकी तीन आठवडे चालवून तिच्यात दहा रेड चेरी कोळंब्या आणि चार गप्पी मासे सोडले. दर आठवड्याला अर्धे पाणी बदलले जाते. दीड महिन्यात सहा कोळंब्या गेल्या. त्यांतल्या काहींच्या डोक्यामागे गोल पांढरी रेघ होती. एका मादीने अंडी धरली, काही दिवसांनी अंडी नाहीशी झाली, पण पिल्लू एकही दिसले नाही. आता राहिलेल्या चौघींच्या जोडीला निळ्या कोळंब्या आणून सोडाव्यात का?

निळ्या आणू नका. त्याचे कारण पुढे येईलच. आधी या सहा का गेल्या ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय नवीन आणलेल्याही त्याच वाटेने जातील.

पांढऱ्या रेघेपासून सुरुवात करतो. कोळंबीचे कवच तिच्याबरोबर वाढत नाही, म्हणून तिला वेळोवेळी कात टाकावी लागते. पिल्ले साधारण आठवड्याभराने, मोठ्या कोळंब्या तीन ते पाच आठवड्यांनी. आतले नवे मऊ कवच तयार झाले की कोळंबी शरीरात पाणी ओढून घेते, फुगते, आणि डोक्याकडचे कवच जिथे संपते तिथे पाठीवर आडवी चीर पडते. त्या चिरेतून ती एका झटक्यात मागे निसटते. ही चीर पाठीपुरतीच पडायला हवी. ती पोटाकडे फिरून पूर्ण गोल झाली तर पुढचे आणि मागचे कवच सुटे होतात, झटका द्यायला आधार राहत नाही आणि कोळंबी अर्धवट अडकून मरते. तुम्हाला दिसलेली रेघ ती हीच. कात टाकायच्या आदल्या दिवशी निरोगी कोळंबीलाही कधीकधी फिकट रेघ दिसते, तेव्हा ती पाहून लगेच घाबरू नका. पण स्पष्ट, रुंद, पांढरी फट पडलेली कोळंबी सहसा वाचत नाही. चिमट्याने कवच सोडवायच्या भानगडीत पडू नये, त्यात पाय आणि कल्ले तुटतात.

आता कारण. रेघ म्हटली की बहुतेक जण 'कॅल्शियम कमी पडले' म्हणून मोकळे होतात आणि टाकीत शिंपले, कॅल्शियमच्या गोळ्या, कटलबोन असे काय काय टाकतात. पाणी अतिमऊ असेल तर ते कारण खरेही असते. पण तुमच्या वर्णनात मला मोठा आरोपी दिसतो तो दर आठवड्याचा अर्ध्या पाण्याचा बदल. टाकीतले पाणी रोज वाफ होऊन आटते, क्षार मात्र मागेच राहतात. त्यात खाणे, दगड, वाळू यांचीही भर पडते. समजा टाकीचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण, ३०० पीपीएम झाला आहे आणि नळाचे पाणी १२० आहे. अर्धे पाणी बदलले की टीडीएस एकदम २१० वर येतो. दहा टक्केच बदलले असते तर तो २८२ वर थांबला असता. बाहेरचे पाणी अचानक पातळ झाले की कोळंबीच्या शरीरात पाणी वेगाने शिरते आणि नवे कवच तयार नसतानाच जुने फुटायला लागते. पाणी बदलल्यावर एक-दोन दिवसांत मरणारी कोळंबी बहुतेक वेळा अशी अकाली कात टाकताना मरते. कोळंबीला चुकीच्या आकड्यापेक्षा सतत हलणारा आकडा जास्त घातक असतो. या उत्तरातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा.

म्हणून या आठवड्यापासून पाणी बदलायचे ते १० टक्के, म्हणजे ४ लिटर. तेही बादली उपडी करून नाही, तर हवेच्या बारीक नळीतून, तासाभरात हळूहळू. नव्या पाण्याचे तापमान टाकीच्या पाण्यापासून एक-दोन अंशांपलीकडे जाऊ देऊ नका. मधल्या दिवसांत आटलेले पाणी भरून काढताना शुद्ध आरओ किंवा डिस्टिल्ड पाणीच घाला. नळाचे घातले तर क्षारांची पातळी महिनोन्‌महिने चढत जाते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन २४ तास हवा सोडून ठेवल्याने निघून जाते, क्लोरामाइन मात्र जात नाही. त्यासाठी सोडियम थायोसल्फेट असलेले वॉटर कंडिशनर लागते. पाण्यात यांपैकी काय आहे ते माहीत नसेल तर कंडिशनर घालूनच पाणी वापरा.

आकडे नेमके कोणते हवेत? रेड चेरी, म्हणजे निओकॅरिडिना डेव्हिडी, मूळची चीन-तैवानकडची आणि स्वभावाने सोशिक. पीएच ६.५ ते ८, जीएच ६ ते ८, केएच २ ते ६, टीडीएस १५० ते ३००, तापमान २० ते २५ अंश सेल्सिअस. जीएच १२ पर्यंत गेला तरी ती राहते आणि विणते, फक्त तो एका जागी स्थिर हवा. कवचासाठी लागणारे कॅल्शियम-मॅग्नेशियम म्हणजे जीएच. केएच हे पीएच सांभाळण्यासाठी. या दोहोंची गल्लत फार होते. पट्टीवर रंग पाहून अंदाज बांधण्यापेक्षा थेंबांचे जीएच-केएच किट आणि एक साधा टीडीएस मीटर घ्या. टीडीएस मीटर पाण्यात काय विरघळले आहे ते सांगत नाही, पण कालच्यापेक्षा आज काही बदलले का हे दहा सेकंदांत सांगतो, आणि आपल्याला तेच हवे असते.

नळाचे पाणी मुळातच फार जड किंवा बेभरवशाचे असेल तर आरओ पाणी घेऊन त्यात क्षार परत घालावे लागतात. तयार पावडर मिळते. घरी करायचे तर १० लिटर आरओ पाण्यात १.४ ग्रॅम जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि ०.७ ग्रॅम एप्सम मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, घातले की जीएच ६ च्या आसपास येतो. ०.७५ ग्रॅम खाण्याचा सोडा घातला की केएच अडीचच्या घरात. जिप्सम लवकर विरघळत नाही, म्हणून पाणी आदल्या रात्री करून त्यात एअर स्टोन लावून ठेवावा. मोजायला ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागतो, चमच्याच्या मापाने हे जमत नाही. आणि टाकीतला जीएच वाढवायचा असेल तर तो एका दिवसात वाढवू नका. बदलायच्या पाण्यात थोडा जास्त ठेवून तीन-चार आठवड्यांत वर न्या.

दुसरी गोष्ट टाकीच्या वयाची. तीन आठवड्यांत टाकीचे नायट्रोजन चक्र, म्हणजे विषारी अमोनिया आणि नायट्राइट यांचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंची घडी, कसेबसे बसते. रिकाम्या टाकीत अमोनिया २ पीपीएमपर्यंत घातला आणि २४ तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की चक्र बसले असे म्हणायचे. माशांना एवढे पुरते. कोळंबीला पुरत नाही. ती दिवसभर जे टिपत असते ते बायोफिल्म, म्हणजे वाळू, पाने, लाकूड आणि काच यांच्यावर साचलेला जिवाणू, शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा पातळ थर. तो थर जमायला चक्र बसल्यावर आणखी तीन-चार आठवडे लागतात. पिल्लांचे तर पहिल्या दिवसापासूनचे मुख्य अन्न तेच. काचेवर हिरवी-तपकिरी झाक आली, मॉसमध्ये, म्हणजे पाण्यातल्या शेवाळासारख्या वनस्पतीत, बारीक किडे उड्या मारताना दिसू लागले, की टाकी पिकली. तोवर चकचकीत काचेच्या स्वच्छ टाकीत कोळंब्या उपाशी आणि अस्वस्थ असतात. काचेची पुढची बाजू पुसा, मागची आणि बाजूची तशीच राहू द्या.

तुमची टाकी आता नऊ-दहा आठवड्यांची झाली आहे, म्हणजे ही अडचण आपोआप बरीच सुटली असेल. तरी नव्या कोळंब्या आणण्यापूर्वी अमोनिया, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट २० पीपीएमच्या खाली आहे ना, ते एकदा तपासून घ्या.

फिल्टरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एअर पंपवर चालणारा स्पंज फिल्टर लावा. ४० लिटरला एक पुरतो, दोन असले तर उत्तम, एक धुतला तरी दुसऱ्यातले जिवाणू शाबूत राहतात. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नये, टाकीतून काढलेल्याच पाण्यात दोन-तीनदा पिळावा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेली की पाणी उलटे पंपात येते. काचेवर अडकवायचा हँग-ऑन किंवा टाकीबाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर असेल तर त्याच्या तोंडावर बारीक छिद्रांचा स्पंज चढवलाच पाहिजे. पिल्लू जेमतेम २ मिलिमीटरचे असते, जाळीतून सहज ओढले जाते. पिल्ले नाहीशी होण्याचे हे एक नेहमीचे आणि अनेकांच्या लक्षातच न येणारे कारण.

तळाला २-३ सेंटिमीटर बारीक वाळू किंवा खडी पुरे. गडद रंगाची घ्या, तिच्यावर कोळंब्यांचा रंग खुलतो, पांढऱ्या वाळूवर त्या फिकट पडतात. वनस्पतींपैकी जावा मॉस जितका घालाल तितका थोडा. ॲन्युबियस, जावा फर्न, हॉर्नवर्ट हेही चांगले. मात्र नवीन रोपे आणली की ती थेट टाकीत टाकू नका. रोपवाटिकेत मारलेल्या कीटकनाशकाचा अंश पानांवर राहतो. माशांना तो जाणवतही नाही, कोळंब्या मात्र काही तासांत उलथ्या पडतात. वेगळ्या बादलीत आठवडा-दोन आठवडे ठेवून दर दोन दिवसांनी पाणी बदला, किंवा टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत बंद डबीत वाढवलेली, रोपे घ्या.

विषांचा विषय निघालाच आहे तर तांब्याबद्दल. तांबे कोळंबीला मारते हे खरे, पण त्याची भीती जरा अति पसरली आहे. कोळंबीच्या रक्तातच ऑक्सिजन वाहून नेणारे द्रव्य तांब्यावर चालते, आणि तिच्या खाद्याच्या पाकिटावर कॉपर सल्फेट लिहिलेले दिसते ते नगण्य असते. खरा धोका दोनच ठिकाणी: माशांच्या परजीवींवरची तांबेयुक्त औषधे आणि तांब्याच्या पाइपात रात्रभर साचलेले पाणी. सकाळी नळ सोडला की पहिले पाणी वाहून जाऊ द्यावे. तांब्यापेक्षा खोलीत मारलेला डासांचा किंवा झुरळांचा स्प्रे मला जास्त घातक वाटतो. त्यातले पायरेथ्रॉइड कोळंबीला अगदी अल्प प्रमाणातही मारतात आणि एअर पंप खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडत असतो. टाकीच्या खोलीत स्प्रे, कॉइल, लिक्विड काहीच नको. कुत्र्या-मांजराच्या अंगाला गोचीड-पिसवांचे औषध लावल्यावर तोच हात टाकीत घालू नका.

खाण्याची चूक बहुतेकांच्या हातून होते ती जास्त घालण्याची. दहा-पंधरा कोळंब्यांच्या पिकलेल्या टाकीत आठवड्यातून दोन-तीनदा, २-३ मिलिमीटरचा एक तुकडा. दोन तासांत संपला नाही तर उचलून टाकायचा आणि पुढच्या वेळी निम्मा घालायचा. काचेची एक छोटी ताटली तळाला ठेवली की उरलेले सापडते, वाळूत कुजत नाही. उरलेल्या अन्नावर आधी जिवाणू माजतात, मग चपटे किडे. मधूनमधून एक-दोन मिनिटे उकळून थंड केलेले पालकाचे पान, तुतीचे वाळलेले पान, आणि कायमचे म्हणून देशी बदामाच्या वाळलेल्या पानाचा तळहाताएवढा तुकडा टाकीत पडलेला असावा. बदामाचे पान हळूहळू कुजते, त्यावर बायोफिल्म धरते आणि पिल्ले त्यावरच वाढतात. जाळीदार शिरा उरल्या की नवे टाका. प्रथिनांचे खाद्य आठवड्यातून एकदाच. रोज दिले तर कोळंबी वाजवीपेक्षा भराभर वाढते आणि कात टाकण्याच्या अडचणी वाढतात. टाकलेली कात काढू नका, त्या ती खाऊन टाकतात. कात पारदर्शक आणि पोकळ असते. मेलेली कोळंबी अपारदर्शक, गुलाबीसर होते. ती मात्र लगेच काढा.

आता पिल्लांकडे येऊ. रेड चेरीचे वीण घेणे अवघड नाही, खरे तर तिला थांबवणेच अवघड. मादी नराहून मोठी, अडीच ते तीन सेंटिमीटरपर्यंत, रंगाने भरलेली, आणि तिच्या पोटाखालची कड गोलाकार खाली उतरलेली असते. नर लहान, सडपातळ, फिकट, पोटाची रेषा सरळ. वयात आलेल्या मादीच्या पाठीवर, डोक्याच्या कवचामागे, पिवळसर किंवा हिरवट डाग दिसतो. त्याला सॅडल म्हणतात. ती अंडाशयातली तयार होत असलेली अंडी. तिने कात टाकली की ती पाण्यात गंध सोडते आणि टाकीतले सगळे नर वेड्यासारखे पोहत सुटतात. हे दृश्य पाहून पाणी बिघडले समजून पाणी बदलणारे पुष्कळ असतात, आणि नेमकी त्याच वेळी मऊ कवचाची मादी त्या बदलात सापडते. पोहणारे फक्त नर आहेत की माद्याही, ते आधी पाहा. माद्यांसकट सगळ्याच सैरभैर झाल्या असतील तर मात्र पाण्यात काहीतरी गेले आहे. सगळ्याच पाण्याच्या पृष्ठभागाशी जमल्या असतील तर ऑक्सिजन कमी किंवा अमोनिया जास्त.

मीलनानंतर मादी अंडी पोटाखालच्या पोहायच्या पायांना चिकटवते, साधारण २० ते ३०, आणि पाय हलवून त्यांना सतत वारा घालते. २२ अंशांना अंडी उबायला महिना लागतो, २६ अंशांना जवळपास तीन आठवडे. शेवटच्या दिवसांत भिंगातून पाहिले तर प्रत्येक अंड्यात डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसतात. ठिपके दिसल्यावर अंडी गेली तर ती बहुधा उबलीच. ठिपक्यांआधीच, पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत गेली, तर मादीने ती टाकली. पहिल्यांदा अंडी धरलेल्या माद्या बऱ्याचदा टाकतात, त्यात काळजीचे कारण नाही. मोठ्या पाणीबदलामुळे अंडी धरलेली असतानाच कात टाकली तर सगळी अंडी त्या कातेबरोबरच जातात. तुमच्या मादीची अंडी 'काही दिवसांनी' नाहीशी झाली म्हणता, तर पहिला संशय याचाच घ्या.

अंडी धरलेल्या मादीला पकडून वेगळ्या डब्यात ठेवायचा मोह होतो. तो टाळा. पकडण्याच्या धावपळीतच ती अंडी झटकते, आणि डब्यात पिल्लांना खायला काहीच नसते. मादी आपली पिल्ले खात नाही, त्यामुळे वेगळे करण्यात फायदाही नाही. सुटी पडलेली अंडी मिळाली आणि ती पांढरी पडलेली नसतील, तर बारीक जाळीत घालून एअर स्टोनच्या बुडबुड्यांशेजारी अशी टांगा की ती हळूहळू हलत राहतील. काही उबतात.

पिल्ले अंड्यातून थेट छोट्या कोळंबीच्या रूपातच बाहेर येतात, अळीची अवस्था नसते. सुरुवातीला जवळजवळ पारदर्शक. पहिले काही दिवस ती मॉसमध्ये बसल्या जागी टिपत राहतात, लांबवर टाकलेल्या खाण्यापर्यंत येत नाहीत. म्हणून पिल्लांसाठी खाद्य घालायचे तर चिमूटभरापेक्षाही कमी, भुकटी करून, टाकीभर पसरेल असे. दोन-तीन आठवड्यांत रंग दिसू लागतो आणि अडीच-तीन महिन्यांत तीच पिल्ले वयात येतात. कोळंबीचे आयुष्य एक ते दोन वर्षांचे, तेव्हा विकत घेताना मोठ्या लालभडक माद्यांऐवजी १ ते १.५ सेंटिमीटरच्या तरुण कोळंब्या घ्याव्यात. मोठ्यांचे आयुष्य दुकानातच निम्मे सरलेले असते, आणि नवे पाणी तरुणांना लवकर मानवते.

अंडी उबली असे धरले तरी पिल्ले न दिसण्याला तुमच्या टाकीत चार कारणे पोहत आहेत. गप्पी मोठ्या कोळंबीला काही करत नाही, पण २ मिलिमीटरचे पिल्लू म्हणजे तिला आयते खाद्य. भरपूर मॉस असेल तर काही वाचतात, वीण मात्र वाढत नाही. कुठला मासा पिल्ले खातो आणि कुठला नाही असा विचार करत बसण्यापेक्षा सरळ धरून चाला की माशाच्या तोंडात जे मावते ते जाते. पिल्लांच्या बाबतीत निर्धास्त असा मासा म्हणजे शेवाळ खाणारा छोटा ओटोसिंक्लस, तोही शेवाळ जमलेल्या जुन्या टाकीतच टिकतो. गोगलगायी चालतात. तुम्हाला वीण घ्यायची असेल तर गप्पींची सोय दुसरीकडे करा. हे एक केले तरी फरक पडेल.

उन्हाळ्याचे वेगळे सांगायला हवे. तापमान २८ च्या वर गेले की वीण भराभर होते असे वाटते, पण आयुष्य आखूड होते, अंडी पडतात आणि ऑक्सिजन कमी होतो. ३० च्या वर माना टाकू लागतात. झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा तिरका लावला तर तापमान दोन ते चार अंशांनी उतरते. पाणी मात्र दुप्पट वेगाने आटते, ते आरओने रोज भरावे. बर्फ टाकू नका. हीटरची गरज १८ अंशांच्या खाली जाणाऱ्या खोलीतच. स्वस्तातला हीटर अडकून चालू राहिला तर एका रात्रीत सगळी टाकी जाते.

आता निळ्यांचा प्रश्न. लाल, निळी, पिवळी, केशरी, काळी चॉकलेटी, ही सगळी निओकॅरिडिना डेव्हिडीचीच माणसाने निवडून निवडून काढलेली रूपे. ती एकमेकांत सहज विणतात, आणि एक-दोन पिढ्यांत पिल्ले मूळ जंगली रंगावर जातात: पारदर्शक, तपकिरी, ठिपकेदार. विष नाही, रोग नाही, पण ज्या रंगासाठी पैसे मोजले तो परत मिळत नाही. एका टाकीत एकच रंग ठेवा. लालमध्येही प्रत्येक विणीत काही फिकट निघतात, त्यांना दर दोन-तीन महिन्यांनी वेगळ्या टाकीत हलवले तर रंग टिकतो. निवड माद्या पाहून करा. नर मुळातच फिकट असतात, त्यांना फिकट म्हणून काढत गेलात तर नरच उरणार नाहीत. उरलेल्या चौघींमध्ये नर आहे का तेही पाहा. नव्या दहा-पंधरा लाल कोळंब्या शक्यतो वेगळ्या ठिकाणाहून आणा, म्हणजे रक्त बदलते आणि नर-मादी दोन्ही मिळण्याची खात्री होते.

दुसरी जात हवीच असेल तर क्रिस्टल रेड वगैरे कॅरिडिना निओकॅरिडिनाशी विणत नाहीत, पण त्यांचे पाणी वेगळे: पीएच ६ च्या आसपास, जीएच ४ ते ६, केएच ० ते १, टीडीएस १०० ते १५०, तापमान २४ च्या आत. त्यासाठी आरओ पाणी आणि पीएच उतरवणारी ॲक्टिव्ह सॉइल लागते. ती पहिले काही आठवडे अमोनिया सोडते आणि वर्ष-दीड वर्षात निकामी होते. दोघींना एका टाकीत ठेवायचे तर कोणाला तरी चुकीच्या पाण्यात ठेवावे लागते. शेवाळ खाण्यासाठी प्रसिद्ध असलेली अमानो कोळंबी चेरीबरोबर छान राहते, पण ती गोड्या पाण्यात वीण वाढवत नाही. तिच्या अळ्यांना समुद्राइतके खारे पाणी लागते, घरी ते करणे हा स्वतंत्र उद्योग आहे.

नव्या आणाल तेव्हा पिशवी टाकीवर तरंगवून ओतून द्यायची नाही. पिशवीतले पाणी कोळंब्यांसकट भांड्यात घ्या, टाकीतून हवेच्या नळीने सायफन लावून नळीला गाठ मारा आणि सेकंदाला दोन थेंबांवर आणा. २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला तर तासाला ३६० मिलिलिटर होतात. पाणी तिप्पट होईपर्यंत, साधारण दीड-दोन तास चालू द्या. मग कोळंब्या जाळीने उचलून टाकीत सोडा, भांड्यातले पाणी फेकून द्या. पहिला दिवस दिवा बंद, खाणे नाही.

सोडण्याआधी भिंगातून एकदा न्याहाळा. नाकाच्या टोकाशी हलणारे पांढरे धागे म्हणजे स्कुटारिएला नावाचे बारीक किडे. एका कपभर पाण्यात मोठा चमचाभर आयोडीन नसलेले मीठ विरघळवून त्यात कोळंबी अर्धा ते एक मिनिट बुडवली की ते सुटतात. त्यांची अंडी कातेत राहतात, म्हणून या काळात मात्र काती काढून टाकायच्या. पोटाखाली, पोहायच्या पायांमध्ये हिरवट-पिवळा पुंजका असेल आणि ती अंडी नसतील, तर ती कोळंबी वेगळी ठेवा. त्यावर खात्रीचा इलाज नाही आणि ते पसरते. टाकीत तिकोनी डोक्याचे चपटे किडे, म्हणजे प्लॅनेरिया, किंवा काचेवर हायड्रा, म्हणजे धाग्यांसारख्या हातांचा बारीक जीव, दिसली तर आधी खाणे निम्म्यावर आणा. तरीही पिल्ले कमी होत असतील तर फेनबेंडाझोल हे जंतांवरचे औषध वापरतात: २२ टक्क्यांची पावडर ४० लिटरला ०.१ ग्रॅम, थोड्या कोमट पाण्यात हलवून. कोळंब्यांना ते चालते. निराइट आणि मिस्टरी गोगलगायींना घातक असते, त्या आधी हलवा, आणि अंश वाळूत बरेच महिने राहतो हेही ध्यानात ठेवा. मेलेल्या किड्यांमुळे अमोनिया वाढतो, म्हणून तीन दिवसांनी थोडे पाणी बदला. पाण्यात ठिपक्यांसारखे उड्या मारणारे किडे निरुपद्रवी, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

हे सगळे जमले तर चार-सहा महिन्यांत पंधराच्या शंभर होतील. ४० लिटरला दीडशेच्या आसपास गेल्या की वीण आपोआप मंदावते, तेव्हा काही काढून द्याव्या लागतात. देताना आदल्या दिवशी खाऊ घालू नका. पिशवीत एक तृतीयांश टाकीचेच पाणी, दोन तृतीयांश हवा, आणि धरून बसायला मॉसचा एक तुकडा. उरलेल्या कोळंब्या ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका. जर्मनीतल्या गिलबाख ओढ्यात वीज केंद्राचे कोमट पाणी येते, तिथे सोडलेल्या चेरी कोळंब्या वसल्या आहेत, आणि जिथे पाणी बारा महिने कोमटच असते तिथे तर त्यांना तेवढ्याही आधाराची गरज नाही.